सोळा शेरांची सायकल

माझ्या मशीनखाली चिंध्या साचतात. रोज झाडतो, तरी संध्याकाळी पुन्हा ढीग असतोच. करीमभाईंच्या ओट्यावरच्या किश्शांचंही तसंच आहे. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. आम्ही फक्त तिथे बसत होतो. पण हल्ली नातवंडं विचारतात, "आजोबा, ती सायकलची गोष्ट सांगा ना!" आणि मला विचारावं लागतं, "कोणती रे? एक असेल तर सांगू!"

तर ऐका. काळ लढाईचा, दुसऱ्या महायुद्धाचा. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात. गाव अमडापूर. बाजारात एक लांबलचक ओटा होता. त्याच्या एका टोकाला माझं शिवणाचं मशीन, दुसऱ्या टोकाला करीमभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मधल्या जागेवर दोघांचाही हक्क, म्हणून तिथे रिकामटेकडी मंडळी बसायची. मी गावातला एकमेव चांगला शिंपी. हे मी स्वतः सांगतोय, कारण दुसरा शिंपी सांगणार नाही!

करीमभाई मिस्त्री म्हणजे अवलिया माणूस. नुसतं चाक फिरवून, कानाने ऐकून सांगत, "सहावा आरा ढिला हाय." बरं, तो सहावाच असायचा.

*

या सगळ्याच्या मुळाशी होता शेषराव. पंचविशीचा गडी, छाती पहिलवानाची. पण लहानपणच्या तापात डावा पाय बारीक राहिला, तो राहिलाच. उजव्यापेक्षा चार बोटं आखूड. मला नेमकं ठाऊक, कारण त्याचे पायजमे मीच शिवायचो. जमिनीवर काठी घेऊन चालायचा, पण सायकलवर बसला की राजा!

गावाबाहेर उंद्रीच्या वाटेवर एक नाला लागतो. पाणी जेमतेम घोटाभर, आणि तळाला काळ्या दगडांचा नुसता बाजार. दर रविवारी आमची पोरं त्यात सायकली घालायची. खेळाचं नावच होतं 'पाय टेकला की बाद'. दगडांवरून, पाण्यातून, वीत-वीत उंचीच्या पायऱ्यांवरून सायकल न्यायची. पाय खाली लागला की घरी जा. शेषराव कधी बाद झाला नाही. एकदा कुणीतरी त्याला विचारलं, "शेष्या, तुले कसं जमते बे?"

शेषराव म्हणाला, "तुमचा पाय टेकला तं तुम्ही फकस्त बाद होता. माहा टेकला तं मी पाण्यातच पडतो. मंग टेकवू कायले?"

*

त्या वर्षी पेट्रोल मिळेना, म्हणून चिखलीहून डाक आणणारी मोटार आठवड्यातून दोनदाच येऊ लागली. डाक अडकायला लागली. तेव्हा ठरलं की अमडापूर ते उंद्री डाक सायकलवरून न्यायची आणि त्यासाठी माणूस नेमायचा. शेषराव डाकघरात अर्ज घेऊन गेला. तिथल्या एका बाबूने अर्जाकडे पाहिलंच नाही, काठीकडे पाहिलं. म्हणाला, "उमेदवार धडधाकट लागतो."

शेषराव ओट्यावर येऊन बसला. काठीच्या टोकाने मातीत रेघोट्या ओढत राहिला. शेवटी म्हणाला, "करीमभाई, घरात बसून मायच्या हातचं किती दिवस खाऊ? मले ते काम पायजे. दुसरं कोणतं काम मले जमते सांगा." त्याचा आवाज असा झाला होता की मी उगाच सुईत दोरा ओवत बसलो.

मग बातमी आली. हिवाळ्यात डाकेचे तपासणी साहेब स्वतः येणार, नाल्यावर येईल त्या प्रत्येक उमेदवाराची परीक्षा घेणार. डाकेची पिशवी पाठीवर, सायकलवर बसून नाला पार. पाय पाण्यात पडला की संपलं.

करीमभाईंनी शेषरावची सायकल उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "ही सायकल नाही भाई, तिजोरी हाय. नाल्यातल्या पायरीवर चाक उचलाव लागते. दोन पायवाला जोर मारून उचलते. तुले हातानंच उचलाव लागन. एका हातानं किती उचलतो?"

"सोळा शेराची गोणी उचलतो."

"मंग सायकल सोळा शेराची करू!"

सायकल होती पंचवीस शेरांची. पण करीमभाईंनी 'करू' म्हटलं म्हणजे झालंच, असं आम्ही सगळेच धरून चाललो.

*

पहिल्या दिवशी मडगार्ड, साखळीचं झाकण, कॅरिअर आणि स्टँड निघालं. घंटीवर वाद झाला. शेषराव म्हणे, "डाकवाल्याले घंटी पायजे!" करीमभाई म्हणाले, "अल्लानं तुले गळा काऊन देल्ला?" घंटी निघाली.

आता वजन. त्यासाठी सखाराम मापारी होता. बाजारात धान्याची, कापसाची पोती काट्यावर चढवून मोठ्याने वजन पुकारायचं, हे त्याचं काम. वीस वर्षं पुकारून पुकारून त्याचा साधा आवाजही पुकारल्यासारखाच झाला होता. सायकल काट्याला टांगली. सखाराम ओरडला, "अठराऽऽ शेर!"

एका दिवसात सात शेर! करीमभाईंनी सगळ्यांना चहा पाजला. शेषरावने तिथल्या तिथे दोन चकरा मारल्या. मी मात्र सायकल उचलून पाहिली आणि मला काही ती अठरा शेरांची वाटेना. कापडाचं वजन हाताने ओळखणारा माणूस मी! करीमभाईंना म्हटलं, "याच्या काट्यावर पाच शेरांचं माप ठेवून बघा."

माप ठेवलं. सखाराम ओरडला, "तीनऽऽ शेर!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तेव्हा त्याच्याच लक्षात आलं. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक पोत्यामागे बारदान आणि मातीचे दोन शेर कापून वजन पुकारायचं. त्याला कडता म्हणतात. वीस वर्षांत त्याची जीभ कडता कापल्याशिवाय वळतच नव्हती!

करीमभाई भडकले. "सायकलले कोणतं बारदान बे?"

सखारामने सायकलकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "पण माती तं होती नं थोडी!"

*

खरं वजन वीस. अजून चार शेर उतरवायचे होते. आता सखारामलाच चेव चढला. "ब्रेक काढा. दांड्यागिंड्या धरून दीड शेर होते. नाला चढाले ब्रेक कायले लागते?"

मी म्हटलं, "आणि उतरायला?"

माझं कोण ऐकतो! ब्रेक निघाले. शेषराव बाजाराच्या उतारावरून मोठ्या ऐटीत निघाला. मध्ये कापसाने भरलेली बैलगाडी उभी होती. गाडीवान गाडीवर उभा राहून पायाने कापूस दाबत होता. शेषराव "बाजू! बाजू!" करत आला, सायकल चाकाला अडली आणि स्वारी वरून उडून थेट कापसात. कमरेपर्यंत आत!

आम्ही धावत गेलो. पाय मोडला असेल, गाडीवान चाबूक काढेल, काय काय मनात आलं. गाडीवानाने शेषरावला दंडाला धरून बाहेर ओढलं, पडलेला खड्डा बघितला आणि विचारलं, "उद्या किती वाजता येतो भाऊ? तासाभराचं काम एका उडीत केलं तुवा!"

त्यानंतर करीमभाईंनी मागच्या चाकाचं फ्रीव्हील काढून साधं दातेरी चाक पक्कं बसवलं. म्हणजे पायडल थांबलं की चाक थांबतं, पायडल उलटं केलं की सायकल मागे जाते. ब्रेकची गरजच संपली. आठ दिवसांत शेषराव एका जागी सायकल उभी ठेवून माझ्याशी गप्पा मारायला लागला. ना भिंतीचा आधार, ना काठीचा. मी बटणं लावत असायचो आणि हा बाजूला सायकलवर स्थिर. नवीन गिऱ्हाईक दचकायचं.

*

त्याच सुमारास प्रभाकर नागपूरहून सुट्टीला आला. गावातल्या एका बड्या शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजात शिकणारा. स्वभावाने लाघवी, पण जगातलं सगळं आपल्याला समजतं असा त्याचा समज. त्याच्याकडे शर्यतीची विलायती सायकल होती. बोटाएवढी टायरं, बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. काट्यावर तेरा शेर भरली! सखारामला आता कडता न कापता पुकारायला शिकवलं होतं, त्यामुळे वजन खरं होतं.

प्रभाकर म्हणाला, "मिस्त्री, हे सामान बघा. हीच चाकं, हेच हँडल शेषरावला लावा. कशाला लोखंड कुरतडत बसता?"

करीमभाई म्हणाले, "चाकाले मी हात लावत नाही. वजन जिथं भार नाही तिथलं काढाचं. अन् हँडल रुंद पायजे. बैल शिंगाले धरून वळवते, कानाले धरून नाही." प्रभाकर हसला. "जुनी समजूत आहे मिस्त्री ही!"

"असन बापू. तुम्ही एकडाव नाल्यातून जाऊन दाखवा. मी आत्ताच्या आत्ता हीच चाकं लावतो."

प्रभाकर गेला. पहिला दगड पार. दुसरा पार. तिसऱ्यावर पुढचं चाक असं वाकलं की त्याची जिलबी झाली. प्रभाकर पाण्यात बसला. मग उठला, सायकल खांद्यावर घेतली आणि आमच्यासमोरून मान खाली घालून गावाकडे निघाला.

करीमभाई त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले. "पण हलकी हाय बुवा, मानलं! खांद्यावर पाहा कशी सहज चालली."

*

पायडलपाशी असतं ते पुढचं दातेरी चाक मात्र लहान हवं होतं. मोठ्या चाकावर सायकल पळते, पण दगड चढताना पायडल दबत नाही. शेषरावला तर एकाच पायाचा जोर. लढाईमुळे बाहेरून सुटा भाग मिळणं मुश्कील. करीमभाई आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलींच्या पायडलकडे टक लावून बघत होते. शेवटी नजर पडली नर्सबाईंच्या सायकलवर.

नर्सबाई म्हणजे आसपासच्या दहा खेड्यांत बाळंतपणं करणाऱ्या. त्यांच्या लेडीज सायकलचं हे दातेरी चाक अगदी लहान. बाई पाय मारून मारून दमायच्या आणि सायकल आपली रमतगमत चालायची. करीमभाईंनी अदलाबदल सुचवली. बाई जरा घाबरल्या. "चढाला जड जाईल ना हो?" करीमभाई म्हणाले, "बाई, तुम्ही दोन पायाच्या धनी हा. याच्यासाठी एवढं करा." बाईंनी शेषरावकडे पाहिलं आणि सायकल पुढे केली.

पंधरा दिवसांनी बाई ओट्यासमोर सायकलवरून उतरल्या. चेहरा लाल. मला वाटलं, आता चाक परत मागतात. करीमभाई हातातला पाना ठेवून उभेच राहिले. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, सात वर्षांत काल पहिल्यांदा मी बाळाच्या आधी पोचले!"

*

मग माझी पाळी आली. मूळचं सीट म्हणजे स्प्रिंगांचा कारखाना होता. मी कातडं घेतलं, आत गोणपाट भरलं आणि हाताने दुहेरी टाके घालून नवीन सीट शिवून दिलं. सव्वा शेर उतरला! असं सीट त्या काळी नागपुरातही नसेल. बसणाऱ्याला ते टोचायचं, पण बसणारा मी नव्हतो.

वजन झालं. सखाराम ओरडला, "पावणेसतराऽऽ!"

अजून पाऊण शेर. आता काढायला काही उरलंच नव्हतं. आम्ही सायकलभोवती उकिडवे बसलो. सखारामचं बोट हळूच डाव्या पायडलकडे गेलं.

डाव्या पायडलवर चार बोटं जाडीचा बाभळीचा ठोकळा होता. शेषरावचा आखूड पाय पायडलपर्यंत पोचावा म्हणून करीमभाईंनी तो कित्येक वर्षांपूर्वी स्वतः तासून बसवला होता, वरून पट्टाही लावला होता.

सखाराम म्हणाला, "पाऊण शेराचा हाय. एवढा काढला की बरोब्बर सोळा. जोर तं तसाही उजव्याच पायाचा लागते नं?"

कुणी काही बोलायच्या आत शेषरावची माय, गिरजाबाई, मागून पुढे आल्या. लेकासाठी भाकरी घेऊन आल्या होत्या, सगळं ऐकत उभ्या होत्या. "सखाराम, तुह्या काट्यावर आधी तूच चढ! माह्या लेकराचा पाय लटकत ठेवतं काय रे?"

सखारामचा आवाज प्रथमच साधा निघाला. "काकू, मी तं वजनाचं बोललो."

करीमभाईंनी शांतपणे पाना घेतला, ठोकळा सोडवला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "आता कर वजन."

"सोळाऽऽ!"

"झालं. सोळा शेराची सायकल तयार हाय." असं म्हणून त्यांनी ठोकळा पुन्हा जागेवर बसवला, पट्टा आवळला. सखाराम म्हणाला, "पण करीमभाई, आता तं पुन्हा…"

"हा ठोकळा सायकलचा नाही. शेष्याचा हाय. माणसाचा पाय सायकलच्या वजनात धरते काय कोणी?"

गिरजाबाईंनी शेषरावसाठी आणलेली भाकरी करीमभाईंच्या हातावर ठेवली आणि निघून गेल्या.

*

आता परीक्षेचा दिवस.

बाबूचं 'धडधाकट' आमच्या डोक्यात होतं. साहेबांना पाय दिसला की सगळं मुसळ केरात. म्हणून आम्ही ठरवलं, शेषरावने सायकलवरून उतरायचंच नाही! गावात चढायचं, नाल्यावर जायचं, परीक्षा द्यायची आणि तसंच परत यायचं. ठोकळा झाकायचं काम माझं. मी खास घोळदार पायजमा शिवला. डावा पाय असा बेतला की ठोकळा, पट्टा, सगळं आत गडप. बाहेरून दोन्ही पाय अगदी सारखे. आयुष्यात एवढं नेमकं मी नवरदेवाचंही कापड बेतलं नाही.

सकाळी साहेब टांग्यातून नाल्याच्या उंद्रीकडच्या काठावर आले; आम्हीही तिथेच जमलो होतो. पन्नाशीचे, किरकोळ बांध्याचे, तोंडात लवंग. बोलणं अगदी कमी. उमेदवार दोनच. पहिला एक पहिलवान. त्याने पहिल्याच पायरीशी सायकल खांद्यावर टाकली आणि पाण्यातून चालत आमच्याकडे आला. साहेब म्हणाले, "फार छान. पण मला सायकलवर बसणारा माणूस हवा आहे, सायकलला बसवणारा नको."

मग शेषराव निघाला, डाकेची पिशवी पाठीवर. गिरजाबाई काठावर पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. पहिले दगड त्याने असे ओलांडले जणू घरचं अंगण. पहिली पायरी आली, दोन्ही हातांनी पुढचं चाक उचललं, अंग पुढे झोकलं, मागचं चाक आपोआप वर. दुसरी पायरी पार. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं. मागचं चाक सरकलं.

शेषराव थांबला. पाण्याच्या मधोमध, ओल्या दगडावर, सायकल जागच्या जागी उभी. हँडल जरासं डावीकडे, जरासं उजवीकडे. करीमभाई पुटपुटत होते, "रुक… रुक… आता!" आणि त्याच क्षणी शेषरावने चाक उचललं. सोळा शेर एका झटक्यात वर! सायकल काठावर चढली. पिशवी कोरडी, पाय कोरडे. सखाराम असा ओरडला की टांग्याचा घोडा बिथरला.

साहेब म्हणाले, "इकडे या. उतरा खाली."

उतरला की पाय दिसणार! शेषराव साहेबांच्या समोर आला आणि सायकल स्थिर उभी केली. "साहेब, डाक पोचल्याशिवाय मी उतरत नसतो."

साहेबांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "सही करता येते?"

"हो साहेब."

साहेबांनी नेमणुकीचा कागद काढला. पण तो ठेवायचा कशावर? करीमभाई पुढे होऊन वाकले. साहेबांनी त्यांच्या पाठीवर कागद ठेवला. शेषरावने एका हाताने हँडल धरून, सायकलवर बसल्या बसल्या, मोत्यासारखी सही केली. साहेबांनी कागद वाचायला घेतला. एका ओळीवर बोट थांबलं. "दोन्ही पाय शाबूत?"

शेषराव म्हणाला, "साहेब, एकही टेकवला नाही. तुम्हीच पाह्यलं."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं. मग त्या ओळीपुढे काहीतरी लिहिलं आणि कागदाची घडी खिशात घातली. "ती पिशवी रिकामी नाही. उंद्रीची डाक आहे त्यात. आजपासूनच सुरू करा."

शेषराव निघाला. वळणापर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. गिरजाबाई मात्र वळणाकडे बघत रडत होत्या आणि मध्येच हसत होत्या.

मी करीमभाईंच्या कानाशी लागलो. "बघितला माझा पायजमा? साहेबाचा बाप आला असता तरी ओळखला नसता!"

साहेब टांग्यात चढत होते. एक पाय पायरीवर ठेवून ते थांबले आणि वळून म्हणाले, "मिस्त्री, तो डाव्या पायडलवरचा ठोकळा बाभळीचा आहे ना? पावसाळ्यात फुगेल. बुचाचे थर चिकटवून करा. हलकाही होईल."